परिषद वरचढ ठरती तर…

परमुलखात चार मराठी माणसे संध्याकाळी एकत्र जमली, बदल्या, बढत्या आणि मुलांच्या शाळा हे विषय एकदाचे संपले, की बोलण्याचा ओघ केव्हा ना केव्हा पानिपताकडे वळतोच. विश्वासरावांस गोळी लागली नसती तर? सूरजमल जाट रुसून निघून गेला नसता तर? जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हाच ‘जर’ हाती घेतला आणि मराठी वाचकाने ती कथा लगेच आपलीशी केली, यात नवल नाही. हरलेल्या लढाया मनात पुन्हा लढण्याची हौस आम्हां मराठी माणसांना जरा अधिकच आहे.

ही हौस अर्थात आमच्याच वाट्याला आलेली नाही. शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १८७६ साली ‘युक्रोनी’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जे कोणत्याच स्थळी नाही तो जसा ‘युटोपिया’, तशी जी कोणत्याच काळी घडली नाही ती ‘युक्रोनी’, असा त्या शब्दाचा घाट आहे. इंग्रजीत १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी अशाच कल्पित इतिहासांचा एक संग्रह संपादित केला. त्यात चेस्टरटन यांनी ऑस्ट्रियाच्या डॉन जॉनचे स्कॉटलंडच्या मेरी राणीशी लग्न लावून दिले, बेलॉक यांनी द्रूए याची गाडी वाटेत रुतवून सोळाव्या लुईला निसटू दिले, आणि चर्चिल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेला जय मिळवून दिला. पुढे १९६१ साली ई. एच. कार यांनी असल्या लेखनाची दिवाणखान्यातील खेळ म्हणून संभावना केली. कार यांचा आक्षेप अगदीच निराधार आहे असे आम्हांस वाटत नाही. मात्र तो या लेखनाच्या एका जातीला लागू पडतो, दुसरीला नाही, आणि त्या दुसऱ्या जातीविषयीच आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

लग्न, गाडी, गोळी हे अपघाताचे ‘जर’ होत. एक खिळा उपटला की सारी इमारत दुसरीकडे कलते, अशी त्यांची श्रद्धा असते. त्यांतून चटकदार गोष्ट निघते, परंतु वाचून झाल्यावर हाती फारसे काही राहत नाही. दुसरा ‘जर’ व्यवस्थेचा. एखादी राज्यपद्धती किंवा अधिकाराची एखादी मांडणी हरली ती जिंकती तर काय होते, हा तो प्रश्न. येथे एक गोळी चुकवून भागत नाही. जी मांडणी जिंकली असे आपण म्हणतो ती रोजच्या रोज चालली कशी असती, हे लेखकाला दाखवावे लागते. या दुसऱ्या जातीची कसोटी पाहणारा विषय म्हणून युरोपच्या इतिहासातील एका प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो: पंधराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपरिषद पोपपेक्षा वरचढ ठरली असती तर?

प्रकरण थोडक्यात असे. १३७८ साली रोममध्ये पोपची निवड झाली, आणि काही महिन्यांतच त्याच कार्डिनलांपैकी बहुतेकांनी ती निवड दबावाखाली झाल्याचे सांगून दुसरा पोप निवडला. एक रोमला, दुसरा आव्हिन्यों येथे. युरोपचे राजे आपापल्या सोयीप्रमाणे वाटले गेले. हा घोळ मिटविण्यासाठी १४०९ साली पिसा येथे परिषद भरली. तिने दोघांनाही पदच्युत करून तिसरा नेमला. पहिले दोघे हटले नाहीत, आणि दोनाचे तीन झाले! दोन फायलींचा गोंधळ निस्तरण्यासाठी तिसरी फाईल उघडली की काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

अखेर नोव्हेंबर १४१४ मध्ये कॉन्स्टन्स या सरोवराकाठच्या गावी मोठी परिषद भरली. पिसा-परंपरेतला पोप तेविसावा जॉन याने ती बोलावली होती. पण वारे फिरलेले पाहून १४१५ च्या मार्चमध्ये तो वेषांतर करून पळाला. अध्यक्ष पळालेली सभा विसर्जित होते की चालू राहते? परिषदेने ६ एप्रिल १४१५ रोजी या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते युरोपच्या राजकीय विचारात अजोड आहे. आपला अधिकार प्रत्यक्ष ख्रिस्तापासून आलेला असून श्रद्धा, फूट निवारणे आणि धर्मसभेची सुधारणा या बाबतींत पोपसह प्रत्येकाने आपली आज्ञा पाळली पाहिजे, असे तिने जाहीर केले. पुढे राजाला संसदेने जाब विचारावा, हा जो विचार युरोपात बळावला त्याची एक मुळी या ठरावात आहे, असे जे. एन. फिगिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी शतकापूर्वीच दाखवून दिले होते.

आता कल्पित इतिहासाचा उतावीळ लेखक येथेच लेखणी उचलतो. ठराव टिकला, पोप हा परिषदेचा कार्यकारी अधिकारी झाला, विचारस्वातंत्र्य आले, ल्यूथरचे बंड टळले, तीस वर्षांचे युद्ध टळले, आणि युरोप दोनशे वर्षे आधी लोकशाहीच्या वाटेला लागला! चित्र मोठे सुंदर आहे. त्यात एकच उणीव आहे: ते परिषदेच्या इतिवृत्ताशी जुळत नाही.

ज्या परिषदेने एप्रिलमध्ये पोपवर आपला अधिकार सांगितला, तिनेच ६ जुलै १४१५ रोजी यान हुस याला जिवंत जाळले. राजा सिगिस्मंडने त्याला अभयपत्र दिले होते. ते कामास आले नाही. पुढल्याच वर्षी हुसचा सहकारी प्रागचा जेरोम याची तीच गत झाली. सत्ता एकाच्या हातून अनेकांच्या हाती गेली म्हणजे ती सौम्य होतेच असे नाही. किंबहुना अनेकांनी मिळून दिलेल्या निकालात कोणा एकाचे मन टोचत नाही, हा धोका अधिक. समितीत बसलेल्या कोणाही प्रामाणिक अधिकाऱ्याला हे स्वानुभवाने पटेल. म्हणून या विषयावरील कल्पित इतिहासात हुसची चिता दिसली पाहिजे, ही आमची पहिली अपेक्षा. ती झाकणारा लेखक वाचकाची फसवणूक करतो.

दुसरा प्रश्न असा की इतिहासाची वाट नेमकी कोठे फुटली? अपघाताचा ‘जर’ हवाच असेल तर तोही येथे तयार आहे. १४१७ साली परिषदेपुढे वाद पडला: आधी सुधारणा करावी की आधी नवा पोप निवडावा? सिगिस्मंड आणि त्याच्या बाजूचे लोक सुधारणेचा आग्रह धरून होते. इंग्लंडचा प्रतिनिधी सॉल्झबरीचा बिशप रॉबर्ट हॅलम हा त्यांचा मोठा आधार. ४ सप्टेंबर १४१७ रोजी हॅलम वारला, इंग्रज प्रतिनिधी दुसऱ्या पक्षास मिळाले, आणि सुधारणेचे पारडे वर गेले. हॅलम जगता तर? मोह पडण्याजोगी जागा आहे खरी. पण एक बिशप आणखी वर्षभर जगल्याने जी व्यवस्था उभी राहिली असती, ती तो मेल्यावर किती दिवस टिकती?

आमच्या मते खरी जागा त्यानंतर महिनाभराने येते. ९ ऑक्टोबर १४१७ रोजी परिषदेने आणखी एक ठराव केला. त्याची भाषा पहिल्यासारखी भव्य नाही. पुढील परिषद पाच वर्षांनी, तिच्यानंतरची सात वर्षांनी, आणि मग दर दहा वर्षांनी कायमची भरावी, एवढाच त्याचा आशय. म्हणजे परिषद भरावी की नाही हे पोपच्या मर्जीवर न ठेवता पंचांगावर ठेवले गेले. पहिल्या ठरावाने तत्त्व सांगितले, दुसऱ्याने तारीख दिली. आमच्या नोकरदार वाचकांना या दोहोंतला फरक विशद करावयास नको. ‘योग्य वेळी पुनर्विचार करण्यात येईल’ आणि ‘अमुक तारखेस पुनर्विचार होईल’ ही दोन वाक्ये व्याकरणाने जवळची असली तरी कारभारात त्यांच्यामध्ये समुद्र पसरलेला असतो. या ‘जर’चा प्राण त्या तारखेत आहे.

आणि गंमत अशी की ही तारीख काही काळ खरोखरच पाळली गेली! नोव्हेंबर १४१७ मध्ये निवडून आलेल्या पाचव्या मार्टिनने ठरल्याप्रमाणे १४२३ साली पाव्हिया येथे परिषद बोलावली. उपस्थिती तुटपुंजी, त्यात प्लेग आला, परिषद सिएना येथे हलली, आणि १४२४ साली गुंडाळली गेली. सात वर्षांनी, १४३१ साली, बाझेलची परिषद भरली तीही वेळापत्रकाप्रमाणेच. नव्या पोपने, चौथ्या यूजीनने, ती बरखास्त केली तेव्हा परिषदेने ऐकले नाही. आणि १४३३ च्या डिसेंबरात पोपलाच आपली आज्ञा मागे घ्यावी लागली. म्हणजे परिषदेच्या वर्चस्वाचे जग हे निव्वळ स्वप्न नव्हे. सोळा-सतरा वर्षे युरोप त्या जगात अर्धामुर्धा राहून आला आहे. लेखकाने शून्यातून कल्पना करण्याऐवजी या वर्षांचे दप्तर उघडावे. परिषद का जिंकली असती याचे उत्तर तेथे मिळेल, आणि का हरली याचेही.

बाझेलला पोपच्या तिजोरीतील एक मोठी बाब बंद करण्यात आली. नव्याने नेमलेल्या धर्माधिकाऱ्याच्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावर रोमचा हक्क असे. १४३५ साली परिषदेने तो रद्द केला. छान झाले, पण त्याऐवजी पोपच्या कचेरीने खर्च कशातून भागवावा याची पक्की तजवीज झाली नाही. आणि परिषदेला स्वतःला पैसा लागला तेव्हा तिने काय केले? ग्रीक चर्चशी समेट करण्याच्या कार्यासाठी १४३६ साली पापक्षमापत्रे काढली! पुढे ज्या क्षमापत्रांवरून १५१७ साली ल्यूथरने रान उठविले, त्याच जातीची ही वस्तू. परिषद जिंकती तर ल्यूथर झालाच नसता, हे विधान म्हणून फार सावधपणे करावे लागते. १५१८ साली ल्यूथरनेही आधी पोपविरुद्ध परिषदेकडेच दाद मागितली होती. पुढल्याच वर्षी लाइपझिगच्या वादात, हुसचा विषय निघाल्यावर, परिषदाही चुकू शकतात असे तो म्हणाला. हुसला जाळणाऱ्या परिषदेचा वारसा सांगणारी सत्ता त्याला कितपत आवरू शकली असती?

ग्रीकांच्या प्रकरणाने तर परिषदेचे अंतरंगच उघडे पाडले. समेटाची सभा कोठे भरवावी, यावर मतभेद झाला. बहुसंख्यांना बाझेल, आव्हिन्यों किंवा साव्हॉय हवे होते. अल्पसंख्यांना, आणि पोपला, इटलीतील गाव. ७ मे १४३७ रोजी बाझेलच्या कॅथीड्रलमध्ये दोन्ही पक्षांनी आपापले ठराव एकाच वेळी मोठ्याने वाचले. कॉन्स्टँटिनोपलला दोन्ही बाजूंची जहाजे गेली. सम्राट पोपच्या जहाजात चढला. धर्मसत्तेचा एवढा थोर प्रश्न अखेर सभेचे ठिकाण आणि पाहुण्यांचे गाडीभाडे यांवर येऊन ठेपला, याचे आम्हांस हसू येते, आणि थोडे भयही वाटते. १४३९ साली यूजीनला पदच्युत करण्याचे घाटत असता बाझेलच्या सभेत बिशपांची आसने रिकामी पडली, तेव्हा कार्डिनल आलमां याने संतांचे अवशेष आणवून ती भरली, असे तेव्हाच्या वृत्तांतात आहे. गणपूर्तीसाठी संतांना पाचारण करण्याचा हा प्रयोग अपूर्वच म्हणावा लागेल. त्यानंतर परिषदेने साव्हॉयच्या ड्यूकला पाचवा फेलिक्स म्हणून पोप केले, पुन्हा दोन पोप झाले, आणि जी फूट मिटविण्यासाठी परिषदेचा जन्म झाला होता ती तिच्याच हातून पुन्हा पडली.

राजांनी यात आपला लाभ साधला. फ्रान्सच्या राजाने १४३८ साली बाझेलचे सोयीचे ठराव तेवढे आपल्या राज्यापुरते स्वीकारले. जर्मन सम्राटाशी पोपने १४४८ साली स्वतंत्र करार केला. परिषदेशी भांडण्यापेक्षा तिच्या आश्रयदात्यांशी एकेकटे बोलणे सोपे, हे रोमने ओळखले. १४४९ साली फेलिक्सने राजीनामा दिला आणि परिषद मावळली. ती जिंकती, तर बहुधा राजांच्या खांद्यावर बसून जिंकती. आणि ज्याच्या खांद्यावर बसावे तो नेईल तिकडे जावे लागते.

तर मग या ‘जर’मध्ये हळहळण्याजोगे काही उरते काय? आमचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्यासाठी आम्ही बोहेमियाकडे बोट दाखवू. हुसला जाळल्यावर त्याचे अनुयायी पेटून उठले, आणि त्यांच्यावर पाठविलेली एकामागून एक सैन्ये मार खाऊन परतली. तेव्हा बाझेलच्या परिषदेने १४३३ साली त्यांच्या प्रतिनिधींना सन्मानाने बोलावले. त्यांचा सेनानी प्रोकोप हाही आला. महिनोन्महिने वाद चालला आणि त्यातून जो करार निघाला तो १४३६ साली मान्य झाला. एका परिषदेने ज्याला जाळले त्याच्या शिष्यांना दुसरीने समोर बसवून घेतले. परिषद निर्दोष नव्हती. परंतु ती पुन्हा भरणार होती, आणि पुन्हा भरणाऱ्या सभेला मागच्या सभेची चूक दुरुस्त करण्याची संधी असते. हा करार पुढे १४६२ साली ज्याने रद्द केला तो पोप होता. त्याच्या निर्णयाचा पुनर्विचार करणारी सभा तोवर उरली नव्हती.

या पोपचे चरित्र कोणाही कथाकाराला खुणावील असे आहे. एनेआ सिल्विओ पिकोलोमिनी हा बाझेलला आला एका कार्डिनलचा चिटणीस म्हणून. परिषदेच्या नोकरीत तो चढला, तिच्या बाजूने त्याने तिचा इतिहास लिहिला, आणि परिषदेच्या पोपचा, फेलिक्सचा, सचिव झाला. वारा बदलल्यावर सम्राटाच्या कचेरीत गेला. १४४५ साली यूजीनशी समेट केला. बिशप झाला, कार्डिनल झाला, आणि १४५८ साली दुसरा पायस या नावाने स्वतःच पोप झाला. १४६० च्या जानेवारीत त्याने आज्ञापत्र काढले: पोपच्या निर्णयाविरुद्ध परिषदेकडे दाद मागणे हा यापुढे अपराध समजला जाईल. आपल्या जुन्या लिखाणाचा त्याने पुढे जाहीर त्याग केला आणि एनेआला विसरून पायसला मानावे असे जगाला सांगितले. त्याला नुसता संधिसाधू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या सभेत दोन ठराव एकाच वेळी वाचले जातात तिच्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या हुशार कारकुनाला, कोणीतरी एकाने निर्णय द्यावा, असे मनापासून वाटले नसेल काय? सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर छातीवर हात ठेवून द्यावे.

त्याच परिषदेत दुसरा एक विद्वान होता, सेगोव्हियाचा हुआन. त्याने पक्ष बदलला नाही. परिषद मावळल्यावर तो साव्हॉयमधील एटों या लहानशा गावी राहिला आणि बाझेलचा प्रचंड इतिहास लिहीत बसला. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर त्याने काय करावे? तुर्कांशी तलवारीने नव्हे, चर्चेने बोलावे असे त्याने मांडले, आणि त्यासाठी स्पेनमधून एका मुसलमान पंडिताला बोलावून कुराणाचे भाषांतर करवून घेतले. १४५८ साली तो तेथेच वारला, आणि त्याच वर्षी एनेआ पोप झाला. १४६४ साली धर्मयुद्धाच्या गलबतांची वाट पाहत पायस आंकोना येथे मरण पावला. परिषद जिंकती तर जग कसे होते, याचा विचार करताना आम्हांस ठरावांपेक्षा ही दोन माणसे अधिक आठवतात. किंग्स्ली एमिस यांनी ‘द ऑल्टरेशन’ या १९७६ च्या कादंबरीत ल्यूथरचे बंड न झालेले जग दाखविले, ते एका गाणाऱ्या मुलाच्या जीवनातून: त्याचा आवाज टिकावा म्हणून सत्ता त्याला खच्ची करू पाहते. व्यवस्था अशी माणसाच्या अंगावर उतरली म्हणजेच ती वाचकाला कळते.

आणखी एक हिशेब मांडल्याशिवाय हा विषय आम्हांस सोडवत नाही, कारण तो आमच्या भाषेच्या खात्यावरचा आहे. पूर्वेकडील प्रदेशांत पोर्तुगालला जे हक्क मिळाले त्यांचा एक आधार म्हणजे १४५५ सालचे पोपचे आज्ञापत्र. येशूसंघाला १५४० साली मान्यता दिली ती पोपने, आणि धर्मप्रसारासाठी पोप पाठवील तेथे जाण्याची खास शपथ हे त्या संघाचे वैशिष्ट्य. याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, साष्टीत राहिले, आणि १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. परिषद वरचढ ठरलेल्या जगात पोर्तुगालच्या राजाने जहाजे पाठविलीच असती, आणि साष्टीतली देवळे वाचली असती असेही आम्हांस वाटत नाही. परंतु एका धर्मगुरूच्या शब्दावर जगाच्या टोकाला जाणारा असा संघ त्या जगात निघाला असता की नाही याची शंका आहे, आणि तो नसता तर मराठीच्या थोरवीने भारावून ओव्या रचणारा तो इंग्रजही बहुधा नसता. ‘जर’च्या व्यापारात केवळ नफा कधीच नसतो.

१८७० साली पोपचे सर्वश्रेष्ठत्व धर्मतत्त्व म्हणून जाहीर झाले, ते एका परिषदेकडूनच; आणि १९८३ च्या धर्मसंहितेनेही पोपविरुद्ध परिषदेकडे दाद मागणे दंडनीय ठरविले. निकाल लागून गेला आहे. तो बदलावा अशी आमची मागणी नाही. तो आमच्या घरचा वादही नव्हे. आमचे म्हणणे वाङ्मयापुरते आहे. हरलेल्या व्यवस्थेविषयी लिहिणाऱ्याने तिला स्वर्ग करून दाखवू नये. तिची चिता, तिची क्षमापत्रे, तिची रिकामी आसने दाखवावीत, आणि त्यानंतरही तिच्याविषयी वाटण्यासारखे जे उरते ते सांगावे. येथे उरते ती एक साधी गोष्ट: सर्वोच्च अधिकाऱ्याच्या निर्णयालाही पुढच्या सभेची तारीख लागलेली असणे.

आमच्या वाचकांत सभांच्या नोटिसा काढण्यात, इतिवृत्ते लिहिण्यात आणि गणपूर्तीची वाट पाहण्यात आयुष्य घालविलेले पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी ही कथा लिहावी असे आम्हांस वाटते. प्रारंभ रणभूमीवर नको, राजवाड्यातही नको. साल १५१७ असावे. एका कचेरीत एक कारकून दशवार्षिक परिषदेची निमंत्रणे लिहीत बसला असावा, आणि विषयपत्रिकेवर, विटेनबर्गच्या एका प्राध्यापकाने क्षमापत्रांविषयी पाठविलेली तक्रार कितव्या क्रमांकावर घ्यावी, याचा विचार करीत असावा.